आजीची तसबीर



फोटो ही डोळ्यांनी पाहायची वस्तू आणि रेडिओ हे कानांनी ऐकायचे यंत्र. तेव्हा रेडिओवरून फोटोविषयी बोलायचे म्हणजे पंचाईतच आहे. पण मी ज्या तसबिरीबद्दल बोलणार आहे ती तुमच्यापैकी काहींच्या घरी भिंतीवर असेल आणि पुष्कळांच्या घरी नसेल. म्हणून मान जरा वर करा नि आपल्या सोप्यातल्या भिंतीकडे एकदा बघा.

देवांच्या तसबिरी आहेत. त्यांच्या शेजारी फेटा बांधलेले आजोबा आहेत, खुर्चीत ताठ बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवलेले, मागे रंगवलेल्या पडद्यावर कारंजे नाही तर संगमरवरी जिना. आजोबा बाजाराला, कोर्टाच्या तारखेला तालुक्याला जात, खिशात चार पैसे असले की स्टुडिओत शिरत. आणि आजी? आजी तालुक्याला गेली ती दवाखान्यात. तिचा फोटो असलाच तर कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला, नाही तर अलीकडच्या काळात आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. आधार कार्डाच्या फोटोत माणूस कसे दिसते हे मी सांगायला नको.

माझ्या वडिलांच्या आईला आम्ही थोरली आई म्हणत होतो. ती २००३ साली गेली. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो पाहिजे, म्हणून घरातल्या ट्रंका उपसल्या. एकच फोटो सापडला, माझ्या चुलत्यांच्या लग्नातला, १९७८ सालचा. एकोणीस माणसे आहेत त्यात. नवरानवरी मध्ये, मानकरी खुर्च्यांवर, पोरे पुढे मांडी घालून. थोरली आई अगदी कडेला, मांडवाच्या मेढीआड अर्धी उभी. नवऱ्याच्या माघारी बाईने मध्ये यायचे नसते, हे तिला कुणी सांगावे लागत नव्हते. पोटच्या मुलाचे लग्न, आणि आई मेढीआड. (कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली. आमचा फोटो त्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधीचा.)

तो फोटो घेऊन चुलते तालुक्याला गेले. नाव कशाला घ्यायचे, पण एका स्टुडिओत काम दिले. दुसऱ्या दिवशी चांगली दोन फूट उंचीची रंगीत तसबीर आली. चेहरा थोरल्या आईचा, अर्धा खरा, अर्धा जुळवलेला. खाली धड दुसऱ्याच कुणा बाईचे. अंगावर हिरवीगार काठपदराची गोल साडी. जन्मभर जिने नऊवारी लुगड्याशिवाय काही नेसले नाही, तिला मेल्यावर गोल साडी. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण नाहीसे झाले होते. स्टुडिओवाल्याने चुलत्यांना अभिमानाने सांगितले होते, "कपाळावरचे डाग काढून टाकलेत. त्याचे पैसे नाही लावले."

तेराव्याला तिची धाकटी बहीण आली. नजर कमी झालेली. तसबिरीपाशी वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कोण रं पावनी?"

दोघे-चौघे हसले. मग कुणीच हसेना.

आता त्या स्टुडिओवाल्याला मी फार दोष देत नाही. त्याच्या हातात आम्ही काय दिले होते? नखाएवढा अर्धा चेहरा. पंचवीस वर्षे ती आमच्यात वावरत होती, आमच्यापैकी कुणालाही तिला समोर बसवून एक फोटो काढावासा वाटला नव्हता. पण गोंदणाचे मात्र मनाला लागून राहिले. पूर्वी आमच्या भागात जत्रेला गोंदणारणी येत. सात-आठ वर्षांच्या पोरीला मांडीत दाबून धरायचे, सुयांनी टोचायचे नि काजळी भरायची. पोरी रडून रडून ओरडत. त्यात गोड असे काही नव्हते. पण जुन्या बायका सांगत की सोने-नाणे सगळे काढून घेतात, मेल्यावर बाईबरोबर जाते ते तेवढे गोंदणच. थोरल्या आईच्या अंगावरचा कुणालाही न उतरवता येणारा तो एकच दागिना होता. तो उतरला, तोही फुकटात.

शिक्षकांसाठी थोडा इतिहास सांगतो. पॅरिसमध्ये दागेर याची छायाचित्रणाची रीत १८३९ साली जगजाहीर झाली आणि वर्षभरातच ती कलकत्त्याला पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. म्हणजे ही कला आपल्याकडे काही काल-परवा आलेली नाही.

पण कॅमेरा आला तो कुणाला कसे बघत आला, हेही पाहिले पाहिजे. विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने मुंबईत राहणाऱ्या नाना जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. माणसांचे फोटो एका जागी काढायचे, देखावा दुसऱ्या जागचा घ्यायचा आणि दोन्ही जोडून एक चित्र करायचे, ही त्याची युक्ती. म्हणजे धड एकाचे नि पाठीमागचे दुसऱ्याचे ही कला कॉम्प्युटरने काढलेली नव्हे! पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड छापले. त्यांतल्या बहुतेक फोटोंखाली जात आहे, जमात आहे, मुलूख आहे. माणसाचे नाव नाही. ती बाई कुणाची कोण, तिला किती लेकरे, त्या दिवशी तिला तिथे कुणी आणून उभे केले, काही नाही. नमुना म्हणून उभी केली, नमुना म्हणून छापली.

आणखी एक गंमत सांगतो. त्या वेळच्या ओल्या काचेच्या पद्धतीला सगळे रंग सारखे दिसत नसत. तांबडा रंग तिला काळा दिसे, निळा रंग जवळजवळ पांढरा. म्हणून जुन्या फोटोंत कुंकू काळे ठिक्कर असते. निळसर गोंदणाची गत उलटी. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या चेहऱ्यांवर गोंदणाची भरगच्च नक्षी असे. पण त्या काळच्या काचेवर ती कित्येकदा उमटलीच नाही, चेहरे कोरे आले. यंत्राला दिसले नाही म्हणून ते नव्हते असे समजायचे नसते. आमच्या तालुक्याच्या स्टुडिओत यंत्राला दिसत होते, माणसाला दिसले नाही.

असो. थोरल्या आईच्या वेळी जे झाले ते आजोळच्या आजीच्या वेळी होऊ द्यायचे नाही, असे मी मनाशी ठरवले होते. तरी त्याला चौदा वर्षे गेली. मास्तरकीत, संसारात दिवस कसे जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. २०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत एका सोबत्याचा चांगला कॅमेरा मागून घेतला नि आजोळी गेलो. आजीला पंच्याऐंशी तरी असतील. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. प्लेगच्या नाही, पण कसल्याशा साथीच्या साली जन्मली एवढे सांगायची.

मी मनात सगळे चित्र रचून गेलो होतो. परसात जाते पडलेले होते, त्याची वरची तळी मोरीपाशी पायरी म्हणून घातलेली. ती उचलून आणायची, धुवायची, खुंटा बसवायचा. आजीने हिरवे लुगडे नेसायचे, जात्यावर बसायचे, सकाळचे ऊन ओसरीत येईल, मुठीने धान्याचा घास घालताना फोटो घ्यायचा. आपली जुनी संस्कृती डोळ्यांपुढे उभी राहील!

आजीने माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मास्तर, त्या तळीला हात लावू नगंस. पहाटं तीनला उठून वढलंय मी ते. चूल पेटायच्या आत सा माणसांचं पीठ. पोटात पोर असताना बी वढलंय. गावात चक्की आली तवा म्या देवाला नारळ फोडला हुता. आन् तू मला परत त्याच्याम्होरं बसवतुयास व्हय?"

मी गप्प झालो. शाळेत दरवर्षी गॅदरिंगला आम्ही चौथीतल्या मुलींना नऊवारी नेसवतो, पुठ्ठ्याचे जाते करतो, डोक्यावर पितळी कळशी देतो आणि टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या कुणाला वाजवतो, हा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचला. ते बंद करा असे मी म्हणत नाही. पोरींना नटायला आवडते. पण ज्या बाईने ते दळण दळले तिला एकदा विचारावे तरी. मी स्वतःला त्या साहेबांपेक्षा वेगळा समजत होतो, आणि मीही आजीला नमुना म्हणूनच बसवायला निघालो होतो.

"मग कुठं बसतेस?" मी विचारले.

ती उठून आत गेली आणि वाकळ घेऊन आली. तुम्ही कुणी हिला गोधडी म्हणत असाल, आमच्याकडे वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर, वर तुकडे, आणि बोटभर अंतराने घातलेले टाके. आजीच्या हाताच्या वाकळा गावात नावाजलेल्या होत्या. लोक पायलीभर धान्य देऊन शिवून घेत. ही मात्र घरची होती, आणि तिने ती कुणाला पांघरायला दिलेली मी कधी पाहिली नव्हती.

ओसरीत अंथरली. मी सहज विचारले, हा तुकडा कशाचा? आणि मग जे सुरू झाले ते दुपारपर्यंत संपले नाही. हा काठ तिच्या आईच्या लुगड्याचा. आई गेल्यावर भावाने तेवढेच दिले. हा पांढरा आजोबांच्या धोतराचा. हा निळा माझ्या आईच्या शाळेच्या झग्याचा, चौथीत शाळा सुटली तेव्हाचा. हे छापील चीट मावशीच्या परकराचे. एकेका तुकड्यावर बोट ठेवून ती सांगत होती नि मी वहीत लिहून घेत होतो.

कोपऱ्याशी तळहाताएवढा पिवळा तुकडा होता. "हा?"

"थोरल्याच्या अंगड्याचा."

"थोरल्या मामाच्या?"

"न्हाई. त्याच्या आदुगरचा. अकरा दिवसांचा हुता."

माझी आई दारात उभी होती. साठीची झाली होती ती, आणि आपल्याला आणखी एक भाऊ होता हे तिला त्या वेळी कळले. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने चहा टाकला. चहा होईपर्यंत आम्ही तिघेही वाकळीकडेच बघत होतो.

फोटो मग चारच्या सुमाराला काढला. आजी ओसरीच्या कडेला बसली, वाकळ मांडीवर घेऊन. लुगडे रोजचेच, धुऊन घडी मोडलेले. चष्मा काढ म्हटले, तर नाही म्हणाली. मोतीबिंदू काढल्यावर धाकट्या मामाने घेऊन दिलेला तो चष्मा होता, तो दिसला पाहिजे. काचेवर उजेड चमकत होता, म्हणून हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगितली नि मी दोन पावले बाजूला सरकलो; तेवढ्याने काम झाले. हस म्हणून सांगितले नाही. तिने हात कुठे ठेवावा हेही सांगितले नाही. तिने तो पिवळ्या तुकड्यावर ठेवला.

अनुभवाने शिकलेल्या दोन गोष्टी सांगतो, म्हणजे तुम्हाला स्टुडिओत जावे लागणार नाही. आता प्रत्येक घरात फोन आहे, आणि साध्या फोनचा फोटो पूर्वीच्या चांगल्या डबा-कॅमेऱ्याला मागे टाकील. पण भर दुपारी अंगणात उभे करू नका. डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. दाराच्या किंवा ओसरीच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसवा. आपण उभे राहून वरून फोटो काढू नये. ती खाली बसली असेल तर आपणही मांडी घालून बसावे, तिच्या डोळ्यांच्या रेषेत. फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करायची सोय असते, ती आधी बंद करा. सुरकुत्या पुसल्या की आजी पुसली. एक चेहऱ्याचा घ्या, एक नुसत्या हातांचा घ्या. आणि मुख्य म्हणजे आधी विचारा. कुणाला वाटते फोटोने आयुष्य कमी होते. कुणाला कुंकू हवे असते, कुणाला नको असते. कुणाला नव्या लुगड्यातच बसायचे असते, तर बसू द्या. नको म्हणाली तर नको. महिन्याने पुन्हा विचारावे.

आणि तो फोटो फोनमध्ये ठेवून गप्प बसू नका. फोन पाण्यात पडतात. तालुक्याला जाऊन कागदावर काढून आणा. चौकटीत बसवताना काच फोटोला टेकू देऊ नये, मध्ये पुठ्ठ्याची किनार असावी. नाही तर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो नि काढताना चेहराच सोलून निघतो. चौकटीच्या मागे खालच्या बाजूला लाकडाचे दोन तुकडे लावा, ओल्या भिंतीपासून वारा खेळता राहील. पूर्वीची माणसे तसबिरी वरून पुढे झुकवून लावत, त्यामागे चिमण्या घरटी करीत. चिमण्यांचा कचरा होई, पण तसबिरी टिकत.

फोटोच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनने लिहू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. काय लिहायचे? साल, गाव, फोटो काढणाऱ्याचे नाव, आणि तिचे नाव. इथे बहुतेकांची गाडी अडते. सासरचे नाव माहीत असते. माहेरचे? कुठल्या गावची लेक, बापाचे नाव काय? माझ्या आजीचे माहेरचे नाव मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा विचारले, वयाच्या चाळिशीनंतर. तिने ते इतक्या हळू सांगितले की मला दोनदा विचारावे लागले. सत्तर वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. ते मी इथे सांगत नाही. रेडिओवर आपले नाव आलेले तिला आवडले नसते. फोटोच्या मागे आहे.

नुसत्या फोटोला वाचा नसते, म्हणून हा लिहिण्याचा आग्रह. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ते शब्द टिपून ठेवले, आचार्य अत्र्यांच्या हाती ते पडले, आणि १९५२ साली पुस्तक झाले. १९५१ साली त्या गेल्या होत्या. टिपले नसते तर आसोद्याच्या शेतकरणीचे एक अक्षर उरले नसते. अगदी आपल्या काळातले उदाहरण म्हणजे गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. हजारावर गावांतल्या लाखाहून अधिक ओव्या त्यांत आहेत. 'पारी' या संस्थेने २०१७ पासून त्या इंटरनेटवर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. तिथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव, गाव, तालुका, मुले किती, काम काय, हे लिहिलेले असते, आणि मिळाला तिथे तिचा फोटोही. दीडशे वर्षांपूर्वी साहेबाने जे गाळले तेच या मंडळींनी आधी लिहिले. गुरुजनहो, शाळेत फोन असेल तर ते पान मुलांना एकदा दाखवा.

आमच्या शाळेत गेली काही वर्षे आम्ही दिवाळीच्या अभ्यासात निबंधाऐवजी हेच काम देतो. घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हातारीचा फोटो, आणि तिने स्वतः निवडलेल्या एका वस्तूविषयी दहा ओळी, तिच्याच बोलीत. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. मुलांनी काय काय आणले! एकीच्या आजीने हातात खुरपे धरले, एकीने बँकेचे पासबुक. एक आजी म्हशीशिवाय बसायलाच तयार नव्हती. एका मुलाची आजी ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर होती, त्याने मार्चमध्ये फोटो आणला. तो आम्ही मार्चमध्ये लावला.

आजोळची आजी २०२० साली गेली. या वेळी ट्रंका उपसाव्या लागल्या नाहीत.

थोरल्या आईचे मात्र राहिलेच होते. लग्नाचा तो मूळ फोटो चुलत्यांनी जपून ठेवला होता, म्हणून त्यातला तेवढा कोपरा आहे तसा मोठा करून घेतला, काही न जोडता, काही न पुसता. मेढ आहे, मेढीमागे अर्धा चेहरा आहे, तोही धूसर. कपाळावर एक काळसर ठिपका आहे. ते गोंदण की फोटोवरचा डाग, हे नक्की सांगता येत नाही. तिची धाकटी बहीण आता हयात नाही, नाही तर तिला विचारले असते. मी तोच सोप्यात लावला आहे.

हिरव्या साडीतल्या तसबिरीचे काय करायचे, यावर घरात अजून एकमत नाही. मी म्हणतो, ती थोरली आई नव्हे. चुलते म्हणतात, इतकी वर्षे हिलाच हार घातला, हिच्याच पुढे नैवेद्य ठेवला, आता ही कुणीच नाही असे कसे म्हणायचे? तूर्त ती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.